पंचनाम्यात न उमटणारा अपघात

महाराष्ट्रातील कोणत्याही पोलिस ठाण्यात रस्ता अपघाताची फिर्याद उघडून पाहिली, तर एक वाक्य हमखास भेटते. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून अपघात केला, असे ते वाक्य. ते इतक्या वेळा लिहिले गेले आहे की लिहिणाऱ्याची लेखणी आता त्यावर अडखळत नाही. ते खोटे असते असे नाही. परंतु ही हयगय नेमकी कोणती होती, याविषयी ते काहीच सांगत नाही. चालकाला डुलकी लागली होती, तो शेजारच्याशी वाद घालीत होता, की मांडीवर ठेवलेल्या मोबाइलच्या पडद्यावर नुकताच आलेला निरोप वाचीत होता, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात नसते. फौजदारी खटल्याच्या दृष्टीने कदाचित तेवढ्याने भागत असेल. पण ज्याचा पाय त्या अपघातात कायमचा गेला, त्याला मिळणारी भरपाई अनेकदा याच न लिहिलेल्या तपशिलावर अवलंबून असते.

या मौनाचे प्रतिबिंब सरकारी आकडेवारीतही पडले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ता अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व ४,४३,३६६ जखमी झाली. वाहन चालविताना मोबाइल वापरल्यामुळे झालेले अपघात यांपैकी किती? अहवाल म्हणतो ७,५५८, म्हणजे शेकडा १.६. उलट अतिवेगाच्या खात्यावर शेकडा ७२ अपघात जमा आहेत. कोणत्याही शहरातील एखाद्या चौकात पाच मिनिटे उभे राहून शिरस्त्राण व कान यांच्या सांध्यात मोबाइल खुपसून जाणारे दुचाकीस्वार मोजणाऱ्याला हा १.६ चा आकडा पटणे कठीण. खरी गोष्ट अशी की, या कोष्टकात एका अपघाताला एकच कारण मिळते, आणि वेग हे कारण लिहायला सर्वांत सोपे असते. त्यासाठी चौकशी करावी लागत नाही. मोडतोड पाहून ते लिहिता येते. मोबाइलची नोंद करायची तर कोणीतरी तो मोबाइल पाहावा लागतो.

तसे पाहणे अशक्य नाही, हे सिद्ध होऊनही आता जवळजवळ तीन दशके झाली. रेडेलमायर व टिब्शिरानी या संशोधकांनी कॅनडातील टोरोंटो शहरात अपघातात सापडलेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या दूरध्वनी देयकांच्या नोंदी तपासल्या आणि आपले निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले. बोलणे चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना आढळले. दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता : फोन हातात न धरता बोलणाऱ्यांना त्यामुळे काही विशेष संरक्षण मिळत असल्याचे दिसले नाही. म्हणजे दोष हाताचा नाही, अवधानाचा आहे. साधे गणित केले तरी हे उमगते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. तीन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर ५० मीटर रस्ता चालकाने डोळे मिटून ओलांडल्यासारखा होतो. आपला कायदा मात्र अजून हातापाशीच थांबलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने जी भर पडली, ती वाहन चालविताना 'हातात धरलेले' संपर्कसाधन वापरण्यास धोकादायक वाहनचालन ठरविणारी आहे. पहिल्या गुन्ह्यास हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास अशी तिची शिक्षा आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जातो. जखमीच्या हाती त्यातला छदामही पडत नाही. आणि पोलिसांनी 'केस केली' म्हणजे भरपाईचेही काम झाले, असा जो समज खेड्यापाड्यांतच नव्हे, तर सुशिक्षित घरांतही आढळतो, तो त्या कुटुंबांना फार महाग पडतो. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन निराळे मार्ग आहेत. पहिल्यात आरोपी सुटला, म्हणून दुसरा बुडतोच असे नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर रस्त्यावरचे अनवधान हा बाह्य परिव्ययाचा नमुनेदार प्रकार आहे : सोय एकाची, खर्च दुसऱ्याचा. हा खर्च पुन्हा मूळ माणसाकडे कसा वळवावा, यावर ग्वीडो कॅलाब्रेसी या अमेरिकन विधिज्ञाने १९७० साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. अपघात आणि ते टाळण्याचे उपाय या दोहोंचा एकत्रित खर्च कमीतकमी व्हावा, हे अपघातविषयक कायद्याचे एक उद्दिष्ट आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याकडे हे काम त्रयस्थ व्यक्तीच्या सक्तीच्या विम्यावर सोपविले आहे. जखमीच्या दृष्टीने ही व्यवस्था चांगलीच म्हटली पाहिजे. कारण चालकाच्या खिशात पैसे नसले तरी विमा कंपनीच्या खिशात असतात. पण चालकावर तिचा धाक जवळजवळ शून्य आहे. या विम्याचे हप्ते सरकार ठरविते आणि खासगी मोटारीसाठी ते इंजिनाच्या आकारमानावर ठरतात. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांत १००० ते १५०० घनसेंटिमीटरच्या मोटारीस वर्षाला ३,४१६ रुपये हप्ता होता. डोळ्यांत तेल घालून गाडी हाकणाऱ्याला तेवढाच, आणि चाकावर बसून चित्रफिती पाहणाऱ्यालाही तेवढाच. किंमत कळल्याशिवाय माणूस वर्तन बदलीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

आता जखमीचा हिशेब पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या एका निकालात दुखापतीच्या भरपाईची जी मांडणी केली, ती आजही न्यायाधिकरणांना वाट दाखविते. औषधोपचाराचा खर्च, उपचारकाळातील बुडालेले उत्पन्न, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारे उत्पन्न, पुढील उपचार, वेदना, जगण्यातील गमावलेला आनंद असे तिचे भाग आहेत. त्यातला कळीचा मुद्दा असा की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाने दिलेले उदाहरण मासलेवाईक आहे. डावा हात गेला, तर वैद्यकीय दृष्ट्या अपंगत्व शेकडा ६० च्या आसपास धरले जाईल. पण तो हात सुताराचा किंवा वाहनचालकाचा असेल, तर कमाईची हानी जवळजवळ शंभर टक्के, आणि सरकारी कारकुनाचा असेल, तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही. शरीराच्या अवयवाची किंमत त्या अवयवाच्या कामावर ठरते, हे तत्त्व ऐकायला रुक्ष वाटले तरी गरिबांच्या हिताचे आहे.

समजा, ३४ वर्षांचा एक सुतार महिना १५,००० रुपये मिळवीत होता. वर्षाचे झाले १,८०,००० रुपये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी शेकडा ४० मिळवावेत, असे २०१७ साली घटनापीठाने ठरविले आणि दुखापतीच्या दाव्यांनाही ते लागू असल्याचे २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. म्हणजे २,५२,००० रुपये. या वयाचा गुणक १६. कमाई पूर्णपणे बुडाली असे धरल्यास रक्कम होते ४०,३२,००० रुपये. वैद्यकीय दाखल्यातील ६० टक्केच धरले, तर २४,१९,२०० रुपये. फरक सोळा लाखांवर जातो. आणि तो पडतो केवळ तो सुतार आहे व या हाताने रंधा मारीत होता, हे कोणी नीट सिद्ध केले किंवा नाही यावर.

याच हिशेबात पंचनाम्यातील मौनाची किंमतही मोजता येते. हा सुतार पायी रस्ता ओलांडीत होता, असे धरू. चालकाचा जबाब ठरलेला असतो : तो अचानक आडवा आला. दुसरा साक्षीदार नसेल, तर न्यायाधिकरण जखमीचाही काही अंशी दोष धरते आणि त्या प्रमाणात रक्कम कापते. शेकडा २५ दोष धरला, की चाळीस लाखांतून १०,०८,००० रुपये गेले. याच वेळी चालकाच्या मोबाइलवर संभाषण चालू होते, अशी नोंद समोर आली असती, तर 'अचानक' या शब्दाचा अर्थच पालटला असता. ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही, त्याला सगळेच अचानक दिसते. दिवाणी स्वरूपाच्या या चौकशीत निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, एवढेच पाहायचे असते. शिवाय मोबाइलचा वापर सिद्ध झाला म्हणून विमा कंपनी जबाबदारीतून सुटत नाही, कारण कायद्याने विमा कंपनीला जे बचाव मोजून दिले आहेत, त्यांत तो नाही. तेव्हा ही गोष्ट उघडकीस आणण्यात जखमीचे नुकसान काहीच नाही.

मग ती उघडकीस का येत नाही? एक कारण असे की, ती आणण्याची जबाबदारी अशा माणसावर पडते, जो त्या वेळी अतिदक्षता विभागात असतो. घरची माणसे रक्ताच्या बाटल्या आणि उसनवारी यांच्यामागे धावत असतात. उपचाराच्या बाबतीत काही सुधारणा झाल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे. जखमीस आणणाऱ्यास पोलिसी ससेमिऱ्यापासून कायद्याने संरक्षण मिळाले; आणि मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पदरमोड न करता मिळण्याची तरतूद झाली. तीही सर्वोच्च न्यायालयाने सरकारला वारंवार फटकारल्यावर. परंतु सात दिवसांनी दवाखान्याचे बिल थांबत नाही आणि कागदांची लढाई तर तेव्हा कुठे सुरू होते.

या लढाईत मुदतीचा प्रश्न सर्वांत जाचक ठरला आहे. १९८८ च्या मूळ कायद्यात दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत होती. विलंब झाल्यास तो एका मर्यादेत माफ करण्याची सोयही होती. १९९४ साली संसदेने ही मुदतच काढून टाकली. गरीब, निरक्षर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मुदतीच्या चाकात अडकवू नये, हा त्यामागचा शहाणपणा होता. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट पुन्हा आणली, १ एप्रिल २०२२ पासून ती अंमलात आली, आणि या वेळी विलंब माफ करण्याची तरतूद मात्र आणली नाही. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाच्या दोन-तीन शस्त्रक्रिया व्हायला सहा महिने सहज लागतात. उपचार संपल्याखेरीज कायम अपंगत्वाचा दाखला मिळत नाही. ज्या हानीचे मोजमाप अजून व्हायचे आहे, तिचा दावा मुदतीत आला पाहिजे, हा आग्रह विचित्र म्हटला पाहिजे. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना बजावले. तो दिलासा आहे. पण अंतरिम दिलाशाच्या भरवशावर कोणी दावा लांबणीवर टाकू नये. दाखला नंतर जोडता येतो.

वस्तुतः याच दुरुस्तीत या दुखण्यावरचे औषधही आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. कलम १५९ अन्वये पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत तयार करून न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे. आणि कलम १६६ म्हणते की, असा आलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा. २०२२ च्या नियमांनी त्याचे वेळापत्रकही आखून दिले : ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडी केली आणि या कामासाठी पोलिस ठाण्यांत खास प्रशिक्षित पथक नेमावे, असे राज्यांना सांगितले. ही योजना मनापासून राबविली, तर जखमीला न्यायालयाची पायरी आधी चढावी लागणार नाही. न्यायालयच त्याच्याकडे येईल. प्रश्न आहे तो बंदोबस्त, सण, सभा आणि तपास यांत ओढला जाणारा हवालदार ९० दिवसांत हा अहवाल लिहील काय, आणि लिहिला तरी त्यात तेच जुने वाक्य उतरवील काय, हा. जखमीच्या नातेवाइकांनी मात्र ठाण्यात जाऊन 'अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का' एवढे विचारण्यास कचरू नये. तो त्यांचा हक्क आहे.

त्वरित मिळणाऱ्या रकमेचा मोह हा यातला दुसरा खळगा. कलम १६४ प्रमाणे कोणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. ज्याची दुखापत कालांतराने पूर्ण बरी होणार आहे, त्याला हे ठीक आहे. पण ही रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. वर उल्लेखिलेल्या सुताराने कर्जदारांच्या तगाद्यामुळे अडीच लाखांवर अंगठा उमटविला, तर चाळीस लाखांवर पाणी सोडल्यासारखे होईल. लोकअदालतीतील तडजोडीचेही थोडेबहुत असेच आहे. तेथे प्रकरण लवकर निकालात निघते, आणि तेथील निवाड्यावर अपील नाही. विमा कंपनी थांबू शकते, जखमी थांबू शकत नाही. या विषम परिस्थितीत झालेला सौदा कोणाच्या बाजूला झुकणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. दवाखान्याच्या दारातच वकीलपत्रावर सही मागणाऱ्या आणि भरपाईत टक्केवारी ठरविणाऱ्या मध्यस्थांपासूनही सावध राहिले पाहिजे. निकालाच्या रकमेत वाटा घेण्यास वकिलांना त्यांच्याच नियमांनी मनाई आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. आणि अपघात कोठेही झालेला असो, दावा जखमीच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात लावता येतो. सोलापूरच्या माणसाला मुंबईतील अपघातासाठी मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही.

वाहनच सापडले नाही, तर मामला निराळा. तेथे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. पायाची किंमत पन्नास हजार, असा याचा अर्थ. १९८९ च्या योजनेत ती याहूनही नगण्य होती, एवढेच समाधान.

आणखी एका वर्गाचा विचार या संदर्भात अपरिहार्य आहे. भाड्याची मोटार हाकणारे आणि घरपोच खाद्यपदार्थ पोचविणारे हजारो तरुण आज रस्त्यावर आहेत आणि मोबाइल हे त्यांचे चैनीचे साधन नसून उपजीविकेचे हत्यार आहे. पुढील फेरी स्वीकारण्याची सूचना चालत्या वाहनावरच येते. ती काही सेकंदांत स्वीकारली नाही, तर फेरी दुसऱ्याकडे जाते. येथे अनवधान चालकाच्या बेफिकिरीतून नव्हे, तर धंद्याच्या रचनेतून जन्मते. नोकराच्या कामातील चुकीस मालक जबाबदार, हे तत्त्व जुने आहे; एस.टी.च्या चालकाच्या चुकीबद्दल महामंडळ पैसे मोजते ते याचमुळे. पण वाहन त्या तरुणाच्या नावावर, परवाना त्याचा, विमा त्याचा, आणि कंपनी केवळ 'मध्यस्थ' अशी मांडणी केली, की हे तत्त्व तिला शिवत नाही. ज्याच्या नफ्यासाठी ती घंटा वाजते, त्याचा भरपाईत वाटा असला पाहिजे, अशी मागणी संसदेकडे झाली पाहिजे. वाहन थांबल्याशिवाय सूचना पडद्यावर येऊ नये, अशी व्यवस्था करणे तंत्रज्ञांना अवघड नाही. तशी सक्ती नाही, म्हणून ती होत नाही.

मोबाइलच्या नोंदी मागविण्यावर खासगीपणाचा आक्षेप घेतला जाईल. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले आहे, तेव्हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि चालक कोणाशी काय बोलला, हे येथे कोणालाच जाणून घ्यायचे नाही. अपघाताच्या आगेमागे पाच मिनिटांत त्या क्रमांकावर संभाषण चालू होते किंवा नाही, एवढीच नोंद पुरे. क्रमांकदेखील झाकून ठेवता येतील. अशा नोंदी नेहमीच निर्णायक असतील असेही नाही : अपघाताची वेळ पंचनाम्यात अदमासे लिहिलेली असते, आणि निरोप आला याचा अर्थ तो वाचला गेला असा होत नाही. म्हणूनच त्या इतर पुराव्याच्या जोडीने वाचल्या पाहिजेत.

न्यायाधिकरणाला कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आजही आहेत. अडचण वेळेची आहे. दूरध्वनी कंपन्यांवर या नोंदी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन डिसेंबर २०२१ मध्ये घालण्यात आले. त्यापूर्वी ते एका वर्षाचेच होते. आपल्याकडे भरपाईचा दावा साक्षीपुराव्यापर्यंत पोचायला कित्येकदा त्याहून अधिक काळ जातो. वकिलाला मोबाइलची आठवण होते, तोवर नोंद पुसली गेलेली असते. तेव्हा ती मागविण्याची वेळ उलटतपासणीची नव्हे, तर पोलिसांच्या ५० दिवसांच्या अंतरिम अहवालाची आहे. गंभीर दुखापतीच्या प्रत्येक अपघातात चालकाच्या क्रमांकाची त्या दहा मिनिटांची नोंद अहवालास जोडावी, असे एक परिपत्रक राज्याच्या गृहखात्याला काढता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि कागदही एकच वाढतो.